ताठरतेच्या गोळ्या: नेमका खर्च किती, घ्यायच्या कशा आणि घरात सांगायचं का

माझं वय ४८, पिंपरीला कंपनीत शिफ्टला आहे, शुगर सात वर्षांपासून. संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास सुरू झाला तेव्हा दीड वर्ष मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला दिसत होतंच, पण बोलणं नव्हतं. मी मोबाईल घेऊन हॉलमध्ये बसायचो, ती झोपली की आत जायचो. त्या दीड वर्षात हायवेच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या एकाकडून ४,५०० चा कोर्स घेतला, मग ऑनलाइन जाहिरात बघून ६,९९९ चं तीन महिन्यांचं पाकीट मागवलं. झाले ११,४९९. आज मी जी गोळी घेतो ती मला ३० रुपयाला एक पडते, महिन्याला सहा लागतात म्हणजे १८० रुपये. त्या ११,४९९ मध्ये पाच वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. हा हिशोब मी वहीत मांडला तेव्हा फार वाईट वाटलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कुणाचे तरी पैसे आणि वर्षं वाचतील.

आधी हे बघा की त्रास कुठला आहे

एखाद दिवशी नाही जमलं, नाइट शिफ्ट करून आलो, डोक्यात टेन्शन आहे, तर तो आजार नाही, सगळ्यांचंच होतं. पण दोन-तीन महिने सारखं तसंच चाललंय, ताठरता येतच नाही किंवा येऊन मधेच जाते, तर मग दाखवायला पाहिजे. एक साधी गोष्ट घरच्या घरी बघता येते, पहाटे उठताना ताठरता असते का? असेल, आणि फक्त संबंधाच्या वेळी जात असेल तर बहुतेक मनाचा भाग मोठा असतो, टेन्शन, भीती, नवरा-बायकोतलं काहीतरी. पहाटेची पण हळूहळू बंद झाली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, शुगर, हार्मोन हे बघावं लागतं. माझी बंद झाली होती आणि मी ते वयावर ढकललं.

आणि कृपा करून याला नपुंसकत्व म्हणू नका, त्या शब्दानेच माणूस दाराला कडी लावून बसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला होता, १९९४ ला छापून आला, त्यात ५२ टक्के लोकांना हा त्रास कमी-जास्त होता. म्हणजे आपल्या लाइनवर दहा जण उभे असतील तर तुम्ही एकटे नक्की नाही.

डॉक्टरकडे जा, पण हृदयासाठी जा

ही गोष्ट मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितली. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी, शुगर, तंबाखूने वाहिन्या खराब व्हायला लागल्या की आधी बारीक वाहिनी बोलते. त्यामुळे ताठरता जाणं हे बऱ्याच जणांत हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसतं. म्हणजे शरीर आपल्याला आगाऊ नोटीस देतंय, आणि आपण ती नोटीस तंबूवाल्याकडे घेऊन जातो.

जायचं कुणाकडे तर पहिल्यांदा तुमचा नेहमीचा फिजिशियन चालतो, शुगर-बीपी जो बघतो तोच. नाहीतर युरोलॉजिस्ट. बोर्डावर 'गुप्तरोग तज्ज्ञ, शंभर टक्के गॅरंटी' असं लिहिलं असेल तर आत पाऊल टाकू नका. अशा जाहिरातींना औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतात. आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत, जी अर्ध्या तासात काम करतात ना, त्यातल्या कितीतरींमध्ये न सांगता सिल्डेनाफिलच, म्हणजे व्हायग्रामधलं औषध, मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. डोस किती, कुणालाच माहीत नाही. हार्ट पेशंटने ते खाल्लं तर काय होईल ते पुढे लिहिलंय.

माझा पहिला खर्च असा आला, डॉक्टरांची फी ८००, रक्त तपासणी १,९०० (उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल, किडनी, थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन), ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी १,६००. एकूण ४,३००. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्यायचं, आठ ते दहाच्या मधे, दुपारी दिलं तर आकडा उगाच कमी येतो आणि परत पैसे जातात. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात जावं. महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेत, शुगर-बीपीच्या तपासण्या तरी तिथे होऊन जातील.

डॉक्टरसमोर बोलायला शब्द सापडत नाहीत हे मला कळतं. मी अर्धा तास वेटिंगला बसून एकच वाक्य पाठ केलं होतं, "डॉक्टर, शुगर आहेच, पण संबंधाच्या वेळी ताठरता राहत नाही, वर्षाच्या वर झालं." एवढं म्हटलं की पुढचं ते स्वतः विचारतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. बीपीच्या काही गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या, केस गळतीची फिनास्टेराइड, यांनीही हा त्रास होतो. पण स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

कोणती गोळी

आपल्याकडे मुख्य दोन. सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल. बाकी वार्डेनाफिल, अवानाफिल आहेत पण सगळ्या मेडिकलला मिळत नाहीत.

काम कसं करतात ते समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतात. मनात इच्छा आली, स्पर्श झाला की नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने वाहिन्या सैल पडतात आणि रक्त भरतं. शरीरात एक एन्झाइम आहे, पीडीई-५, ते हा सिग्नल पुसत राहतं. गोळी त्या पुसणाऱ्याला धरून ठेवते, बस. म्हणजे सिग्नलच निघाला नाही तर गोळीला काही काम नाही. गोळी खाऊन टीव्ही बघत बसलं तर काही होणार नाही. इच्छा वाढत नाही, वीर्य वाढत नाही, लवकर वीर्यपतन होण्याचा त्रास त्याने जात नाही, आणि मूल किंवा गुप्तरोग यापासून संरक्षण तर अजिबात नाही.

सिल्डेनाफिल संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची, चारेक तास उपयोग राहतो. ताकद २५, ५०, १०० एमजी. बहुतेकांना ५० ने सुरू करतात, ६५ च्या वरच्यांना किंवा लिव्हर-किडनीचा त्रास असेल तर २५ ने. टॅडालाफिल १० किंवा २० एमजी, तिचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे घड्याळाकडे बघावं लागत नाही, शनिवारी संध्याकाळी घेतली तर रविवारही आला. तिचीच ५ एमजीची रोजची गोळी असते, ज्यांना प्रोस्टेटमुळे रात्री सारखं लघवीला उठावं लागतं त्यांचे दोन्ही त्रास त्यात बघतात. दिवसाला एकच गोळी, दोन्हींसाठी हाच नियम. असर आला नाही म्हणून दोन तासांनी दुसरी खायची नाही.

एक घोटाळा सांगतो. मेडिकलला सिल्डेनाफिल अधिक डॅपॉक्सेटिन अशी मिक्स गोळी पण असते, नावं सारखीच वाटतात. डॅपॉक्सेटिन लवकर होण्याच्या त्रासासाठी आहे, त्याने चक्कर येऊन माणूस पडू शकतो. चिठ्ठीवर नसेल तर घेऊ नका, पट्टीच्या मागचं बारीक नाव वाचा.

मेडिकलला

ही शेड्यूल एचची औषधं आहेत, म्हणजे चिठ्ठीवर मिळायला पाहिजेत. चिठ्ठी असली की एक फायदा होतो, तोंडाने नाव घ्यावं लागत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरला चार माणसं, त्यात आमच्या सोसायटीतले एक काका खोकल्याचं औषध घेत होते. मी मागे थांबलो, ओआरएसची पाकिटं चाळत राहिलो. माझा नंबर आला, चिठ्ठी दिली, मुलाने न बघितल्यासारखं बघितलं, पट्टी काढली, खाकी पाकिटात घातली, स्टेपल मारली आणि म्हणाला, "दादा, बीपीची पण संपली असेल ना, देऊ?" बस्स एवढंच. दीड वर्ष ज्याला घाबरलो ते एका मिनिटात झालं.

आता किमती. व्हायग्रा १९९८ ला अमेरिकेत आली, पण २००५ पर्यंत आपल्याकडे औषधाच्या मालावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं, त्यामुळे आपल्या कंपन्यांनी तेच सिल्डेनाफिल काही वर्षांत बनवून आणलं. म्हणून आज मॅनफोर्स, सुहाग्रा, पेनेग्रा, कॅव्हर्टा अशी कितीतरी नावं आहेत, आत औषध एकच. ५० एमजीची गोळी साधारण २० ते ५० रुपयांत मिळते. मूळ व्हायग्रा घ्यायला गेलात तर एका गोळीला शेकड्यात पैसे जातात आणि काम तेच. मी घेतो ती चारची पट्टी १२० ला. टॅडालाफिलमध्ये मेगालिस, टॅडासिप वगैरे, रोजची ५ एमजी पंधरा-पंचवीस रुपयाला एक धरा, म्हणजे महिन्याला साडेचारशे ते साडेसातशे. आठवड्यातून एक-दोनदाच संबंध असेल तर लागेल तेव्हाची गोळी स्वस्त पडते. जास्त वेळा असेल किंवा आधी ठरवून गोळी खाणं मनाला पटत नसेल तर रोजची परवडते.

पैसे वाचवायचे तर पहिलं जनऔषधी केंद्रात विचारा, औषधाच्या मूळ नावाने, सिल्डेनाफिल म्हणून. दुसरं, १०० ची गोळी ५० च्या दुप्पट किमतीला नसते, डॉक्टर हो म्हणाले तर १०० ची आणून अर्धी करता येते, शंभर-दीडशे रुपयाला गोळी कापायची छोटी डबी मिळते, सुरीने केली तर एक तुकडा मोठा एक छोटा होतो. तिसरं, जेनेरिकच्या पट्टीवर छापील किंमत मोठी असते आणि देतात कितीतरी कमीत, तेव्हा छापील बघून घाबरू नका, भाव विचारा. बिल मात्र घ्या, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि कंपनीचा पत्ता पट्टीवर आहे का बघा. सुट्टी कापलेली एक गोळी, ज्यावर काहीच छापलेलं नाही, ती कितीही स्वस्त असो, नको.

पहिल्यांदा घेताना

माझी पहिली वेळ वाया गेली आणि चूक माझी होती. रविवार, घरात मटण, मी तांबड्या रश्श्यावर चार भाकरी खाल्ल्या, वरून थोडी घेतली पण होती, आणि जेवून उठल्या उठल्या गोळी टाकली. पाऊण तासाने तोंड गरम, कान लाल, नाक चोंदलेलं, डोकं ठणकायला लागलं आणि बाकी काहीच नाही. मला वाटलं संपलं, माझ्यावर गोळी पण चालत नाही.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तेलकट-तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल घेतली की असर तासभर पुढे जातो आणि कमी पण होतो. त्यामुळे वरण-भात, पोळी-भाजी असं हलकं खा, दोनेक तास जाऊ द्या, मग गोळी, मग तास. टॅडालाफिलला जेवणाचा तसा फरक पडत नाही. दारू जास्त झाली तर बीपी पडतं आणि ताठरता तर दारूनेच जाते, गोळीला दोष देऊन उपयोग नाही. आणि एका वेळेवरून निकाल लावू नका, बरोबर पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन बघा असं सांगतात, कारण पहिल्या दोन-तीन वेळा मनातली परीक्षेची भीतीच निम्मं काम बिघडवते. माझं तिसऱ्या वेळी जमलं.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक बंद, छातीत जळजळ हे बऱ्याच जणांना होतं आणि काही तासांत जातं. पाणी प्यायलो की मला बरं वाटतं. काहींना थोडा वेळ निळसर दिसतं. टॅडालाफिलने कंबर आणि मांड्या दुखतात, दुसऱ्या दिवशी पण. पण ताठरता चार तासांच्या वर उतरलीच नाही, किंवा अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, तर लाज बाजूला ठेवून रात्री दोन वाजता असो, कॅज्युअल्टीला जा.

गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, तर ही गोळी शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहते. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन असेल तर उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. हे सगळं आधी सांगायचं असतं.

सॉर्बिट्रेट

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी विसरलात तरी चालेल.

आमच्या घरात फ्रिजवर एक स्टीलचा डबा आहे, सगळ्यांची औषधं त्यात. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे त्यांची सॉर्बिट्रेटची पट्टी त्याच डब्यात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, माझ्या मुलीला पण. आणि मी माझी सिल्डेनाफिल शर्टाच्या आतल्या खिशात लपवून ठेवायचो.

सिल्डेनाफिल इंग्लंडमध्ये मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधत होते, वाहिन्या सैल करणारं औषध म्हणून. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, मोनोट्रेट ही नायट्रेटची औषधं पण वाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र आली की बीपी असं धाडकन खाली जातं की माणूस जाऊ शकतो. म्हणून ज्यांना नायट्रेट चालू आहे त्यांना ही गोळी नाहीच, अर्धी नाही, पाव नाही. निकोरँडिल (हीही छातीच्या दुखण्याची गोळी) घेणाऱ्यांनाही नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. समजा गोळी घेतलेल्या एखाद्या रात्री माझ्या छातीत दुखलं असतं, शुगर आहे, वय आहे, काही अशक्य नव्हतं. बायकोने काय केलं असतं? पळत जाऊन डबा काढला असता आणि वडिलांची सॉर्बिट्रेट माझ्या जिभेखाली ठेवली असती. तिला वाटलं असतं वाचवतेय.

त्याच रात्री तिला सांगितलं. पट्टी तिच्या हातात दिली. ती बराच वेळ ती उलटसुलट करून बघत राहिली, मग म्हणाली, "अहो, मला वाटलं तुमचं माझ्यावरचं मनच उडालं." दीड वर्ष ती हे धरून बसली होती आणि मी हॉलमध्ये मोबाईल बघत होतो.

तेव्हा घरात सांगाच. बायकोला तीन गोष्टी माहीत पाहिजेत, गोळीचं नाव, कधी घेतली ते, आणि छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट द्यायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि येणाऱ्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं. मी पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवलीय, तेवढंच लिहिलेलं. आणि ज्यांना दोन जिने चढून धाप लागते, छाती भरून येते, त्यांनी गोळीच्या आधी हृदय तपासून घ्यावं.

गोळी चालली नाही तर

पुढचे रस्ते आहेत. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असेल तर त्याचा उपचार, व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचं बारीक इंजेक्शन, आणि शेवटी ऑपरेशन करून लिंगात रॉड (इम्प्लांट) बसवणं. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या लैंगिक त्रासांचे डॉक्टर) डॉ. रुपिन शहा यांनी बनवलेलं शहा इम्प्लांट आपल्याकडचं आहे, बाहेरच्या फुगवायच्या इम्प्लांटपेक्षा खूप स्वस्त पडतं. मनाचा भाग असेल तर दोघांनी मिळून समुपदेशनाला जाणं, गोळीपेक्षा जास्त उपयोग तिथे होतो.

गोळी चालू असली तरी मूळ दुखणं तसंच राहतं हे लक्षात ठेवा. माझी एचबीए१सी ८.९ होती. रोज पाऊण तास चालणं, तंबाखू बंद (हे सगळ्यात जड गेलं, अजूनही जेवल्यावर हात खिशाकडे जातो), रात्रीचा भात कमी. आठ महिन्यांनी ७.२ वर आली. मागच्या महिन्यात दाखवायला गेलो, या वेळी ती पण सोबत आत आली. डॉक्टरांनी विचारलं पहाटेची परत यायला लागली का, मी हो म्हणालो, कधी कधी. त्यांनी चिठ्ठीवर ५० खोडून २५ लिहिलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय.